चौलच्या रांजणाचा कान

१

रविवारी सकाळी दत्तोजीराव शितोळ्यांनी काचेचं कपाट उघडलं, आतली लाकडी डबी टेबलावर आणून ठेवली आणि झाकण उचललं. डबीत कापूस होता. कापसात वाकडा खळगा पडलेला होता. त्या खळग्यात सात वर्षं जपून ठेवलेली वस्तू नव्हती.

वस्तू म्हणजे भाजलेल्या मातीचा एक तुकडा. वीतभर लांब, कपाच्या कानासारखा वळलेला. दोन हजार वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून द्राक्षाची दारू भरून आलेल्या एका उंच रोमन रांजणाचा तो कान. कोकणात चौलला, एका वाडीतल्या विहिरीच्या उपशात, तो दत्तोजीरावांना स्वतःच्या हाताने सापडला होता.

दत्तोजीराव म्हैसूरचे. घराणं मराठा, पूर्वज इथल्या राजाच्या पदरी शिपाईगिरीला आले आणि राहिले. दत्तोजीरावांनी कॉलेजात इतिहास शिकवला आणि निवृत्त होण्याच्या कितीतरी आधीपासून चौलचा इतिहास लिहायला घेतला. ग्रीक खलाशी ज्याला सेमुल्ला म्हणत, अरब सैमूर म्हणत, कान्हेरीच्या लेण्यात ज्याचं नाव चेमुल म्हणून कोरलंय, ते बंदर. आज तिथे नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत आणि गाळाने भरलेली खाडी. पुस्तकाचं शेवटचं प्रकरण त्या कानावर उभं होतं. जिथे तो सापडला तिथेच जुना धक्का असला पाहिजे, असं त्यात म्हटलं होतं.

सोमवारी संध्याकाळी पुण्याहून डॉ. सिंधू नावाच्या पुरातत्त्वज्ञ बाई तो कान बघायला येणार होत्या.

दत्तोजीराव खुर्चीत बसले. पोलिसांना फोन करू का, असं त्यांच्या मुलीने विचारलं. ते म्हणाले, "बेडा, नको. गिरिजाला बोलाव."

२

गिरिजाबाई सूर्यवंशी म्हैसूरच्या त्याच नजरबाद भागात, दत्तोजीरावांच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहत. पोलिसांत फौजदार म्हणून निवृत्त झाल्या होत्या. गुडघे दुखायचे, म्हणून हल्ली बसून विचार करायची सवय लागलीय असं त्या सांगत. त्यांनी खोली पाहिली, कपाट पाहिलं. कुलूप फोडलेलं नव्हतं. किल्ली कॅलेंडरमागच्या खिळ्याला अडकवलेली असायची आणि घरात येणाऱ्या सगळ्यांना ते माहीत होतं. कान घेणाऱ्याने कुलूप परत लावून किल्ली जागेवर ठेवली होती. डबीला लागूनच चांदीचं एक पोर्तुगीज नाणं होतं. त्याला हातही लागलेला नव्हता.

डबीतला कापूस त्यांनी खिडकीपाशी नेला. त्यात तांबूस भुगा पडला होता आणि भुग्यात मोहरीहून बारीक असे काळे, चकाकणारे कण होते. गिरिजाबाईंनी तो कापूस कागदात गुंडाळून पिशवीत टाकला.

वेदवती, दत्तोजीरावांची मुलगी, उपमा घेऊन आली. पन्नाशीची, सरकारी कार्यालयात नोकरी, स्पष्ट बोलणारी. तिच्या मते यात शोधण्यासारखं काही नव्हतंच. चैत्रालीने नेला असणार. चैत्राली वर्तक मूळची चौलची, म्हैसूरच्याच हेब्बाळ भागातल्या एका कंपनीत नोकरीला. सुट्टीच्या दिवशी येऊन दत्तोजीरावांचं हस्तलिखित संगणकावर उतरवायची. शनिवारी सकाळी तिनेच डबी उघडून कानाचे फोटो काढले होते. त्यानंतर डबी कोणी उघडली नव्हती, असं तिचं म्हणणं होतं.

शनिवारी दुसरं कोण आलं होतं, असं गिरिजाबाईंनी विचारलं. दुपारी दिलीप कुंटे आले होते, वेदवती म्हणाली. पण ते तर दर शनिवारी येतात. अप्पा झोपलेले होते, कुंटे वाट बघत या खोलीत वाचत बसले. ती स्वतः स्वयंपाकघरात होती.

मग गिरिजाबाईंनी विचारलं की या आठवड्यात कानाबद्दल नवीन काही घडलं होतं का. घडलं होतं. गुरुवारी सुट्टी होती, तेव्हा डॉ. सिंधूंचा फोन आला होता, स्पीकरवर. नुसतं बघून भागणार नाही, कानाचा कागदाएवढा पातळ काप घेऊन माती तपासावी लागेल, म्हणजे रांजण नेमका कुठल्या गावी घडला ते कळेल, असं त्या म्हणाल्या होत्या. तेव्हा चहाला तिघंही हजर होती. वेदवती, चैत्राली आणि त्या दिवशी सहज आलेले कुंटे.

वेदवती घरकामाला आत निघून गेली. दत्तोजीरावांनी दार लोटून घेतलं.

"चैत्राली नाही," ते म्हणाले. "त्या मुलीने नाही नेलं."

"मग कोण?"

"माझ्या वेदवतीने."

३

कारण त्यांनी सांगितलं. त्यांची बायको आजारी होती त्या वर्षी ते दोनदा कोकणात गेले होते. दुसऱ्या वेळी परत आले तेव्हा ती इस्पितळात होती आणि त्यांना ओळखेना. वेदवतीने तेव्हा एक शब्द काढला नव्हता. पण गेल्या गौरीला कशावरून तरी बोलाचाली झाली आणि ती म्हणाली होती, तुमच्या त्या खापरीला एक दिवस परत विहिरीत टाकून येते.

"तिने तसं केलं असेल तर मला नको सांगू," दत्तोजीराव म्हणाले. "केलं नसेल तर मात्र सांग."

गिरिजाबाईंनी वेदवतीला मागच्या पायरीवर गाठलं आणि सरळ विचारलं. वेदवतीने कपडे वाळत घालणं थांबवलं नाही. टाकायचं असतं तर अप्पांच्या समोर टाकलं असतं, अक्का, असं ती म्हणाली. चोरून कशाला? तिला त्या तुकड्याचा राग होता हे खरं. पण तो अप्पांना सापडला त्या दिवशी गाडी तिनेच चालवत नेली होती. ती देवळापाशी गाडीतच बसून राहिली होती, वाडीत पाऊलही टाकलं नव्हतं. थोड्या वेळाने अप्पा हातात तो तुकडा घेऊन आले तेव्हा रडत होते. आई गेल्यावर जे रडले नव्हते ते तेव्हा रडले. मग तिला काय वाटलं असेल, एवढंच अक्कांनी सांगावं.

गिरिजाबाईंनी वाडीत त्यांच्याबरोबर कोण होतं ते विचारलं. कुंटे होते. आणि चैत्राली, कारण वाडी तिच्या काकांची. ती तेव्हा कॉलेजात होती, सुट्टीला आलेली.

म्हणजे गुरुवारी चहाला जी तिघं होती, तीच तिघं सात वर्षांपूर्वी चौललाही होती.

दुपारी दिलीप कुंटे आले. कानाची बातमी कळल्यावर नंजनगूडहून मिळेल त्या गाडीने निघाले होते. कुंटे मूळचे ठाण्याचे, नंजनगूडच्या एका कारखान्यात रसायनतज्ज्ञ म्हणून आले आणि निवृत्तीनंतर तिथेच राहिले. बायको नाही, मुलगा कुशल जहाजावर इंजिनिअर. म्हैसुरात आल्यावर एका व्याख्यानाला दत्तोजीरावांची ओळख झाली आणि तेव्हापासून शनिवार चुकला नाही. चौलला ते दत्तोजीरावांबरोबर चार वेळा गेले होते.

त्यांनी गिरिजाबाईंना सगळं नीट सांगितलं. शनिवारी ते या खोलीत होते, हो. कपाटाकडे लक्ष गेलं नाही. चोरी कोणी केली याबद्दल त्यांना कोणाचं नाव घ्यायचं नव्हतं, चैत्रालीचं तर नाहीच. त्यांना एकाच गोष्टीचं वाईट वाटत होतं.

"मी दत्तोजीरावांना कितीदा सांगितलं, कापसात ठेवू नका," ते म्हणाले. "समुद्रातून निघालेल्या मातीत मीठ मुरलेलं असतं. ते सुकलं की आतून फुटतं, वस्तूचा भुगा होत जातो. गोड्या पाण्यात ठेवून आधी मीठ काढायला हवं होतं."

गिरिजाबाईंनी मान हलवली. रसायनातलं त्यांना कळत नव्हतं. चहा घेऊन त्या हेब्बाळच्या बसने निघाल्या.

४

चैत्राली दोन मैत्रिणींबरोबर भाड्याच्या घरात राहत होती. वेदवतीने सकाळीच तिला फोन करून काय बोलायचं ते बोलून टाकलं होतं. चैत्रालीचे डोळे सुजलेले होते.

तिने स्वतःहून कपाट उघडून दाखवलं, बॅग उलटी केली. गिरिजाबाईंनी तिला बसवलं. बॅगेतून पडलेल्या वस्तूंत परदेशी रेल्वेचं एक जुनं तिकीट होतं. हे कुठलं, असं त्यांनी विचारलं. मिलानचं, ती म्हणाली. दोन वर्षांपूर्वी कंपनीने पाठवलं होतं. पहिल्यांदाच देशाबाहेर गेले, त्याआधी पुण्यापलीकडे गेले नव्हते. गिरिजाबाईंनी तिकीट परत ठेवलं.

"मावशी, मीच डॉ. सिंधूंच्या मागे लागले होते, काप घ्या म्हणून," चैत्राली म्हणाली. "सरांचं कोणी खरं मानत नाही. एकदा तपासलं की तोंडं बंद होतील, असं वाटलं मला. आणि मीच पळवीन?"

शनिवारचे फोटो तिच्या फोनमध्ये होते. गिरिजाबाईंनी ते मोठे करून पाहिले. कानाच्या आतल्या वळणावर पांढऱ्या, बारीक, वेड्यावाकड्या नळ्या चिकटलेल्या होत्या. वाळलेल्या शेवया चिकटाव्यात तशा. हे काय आहे, ते चैत्रालीला सांगता येईना. विहिरीतला चुना असेल, असं सर म्हणायचे.

त्यांनी फोटो पुण्याला पाठवले, कापसातल्या भुग्याचाही एक काढून पाठवला, आणि डॉ. सिंधूंना फोन लावला.

डॉ. सिंधूंनी आधी काळ्या कणांबद्दल सांगितलं. ज्वालामुखीची वाळू वाटते. इटलीत नेपल्सच्या आखाताभोवती रांजण घडवायच्या मातीत ती मिसळत. काप घेतल्याशिवाय शपथेवर सांगणार नाही, पण कान अस्सल रोमन असावा.

चैत्रालीचा चेहरा उजळला.

"आणि त्या पांढऱ्या नळ्या?" गिरिजाबाईंनी विचारलं.

"समुद्रातल्या किड्यांची घरं आहेत ती. वस्तू खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं पडून राहिली की त्यावर धरतात. पण प्राध्यापकसाहेबांना तर हा विहिरीत मिळाला ना?"

"चैत्राली," गिरिजाबाई फोन हाताने झाकून म्हणाल्या, "तुझ्या काकांच्या विहिरीचं पाणी कसं आहे?"

"गोड. अख्खी आळी पिते."

"खाडीचं पाणी कधी आत आलं होतं?"

"वाडी उंचावर आहे, मावशी. तिथे कधीच नाही."

गिरिजाबाईंनी फोन ठेवला. कान खरा होता, पण तो चौलचा नव्हता. आणि आज दुपारी एक माणूस त्याला समुद्रातून निघालेली वस्तू म्हणाला होता.

५

सोमवारी सकाळी त्या नंजनगूडला गेल्या. कुंट्यांनी दार उघडलं, त्यांना पाहिलं आणि काही न विचारता बाजूला झाले. घर नीटनेटकं होतं. भिंतीवर कुशलचा पांढऱ्या गणवेशातला फोटो.

गिरिजाबाई बसल्या. पाणी प्यायल्या. मग त्यांनी आपला हिशेब मांडला.

"कान नेणाऱ्याला पैसे नको होते, नाहीतर नाणंही गेलं असतं. त्याला काप नको होता. काप घेतला तर काय निघेल हे त्याला आधीच माहीत होतं. हे फक्त त्यालाच माहीत असणार, ज्याने तो कान चौलच्या गाळात ठेवला. सरि? बरोबर ना? वेदवती वाडीत आलीच नव्हती. चैत्राली तेव्हा देशाबाहेर गेली नव्हती, आणि काप घ्या म्हणून तीच मागे लागली होती. राहिलात तुम्ही. कुशलचं जहाज तेव्हा कुठे होतं, ते तुम्हीच सांगा. आणि काल तुम्ही म्हणालात, समुद्रातून निघालेली माती. आम्ही सगळे सात वर्षं विहीर विहीर म्हणतोय."

कुंटे उठले. मागच्या न्हाणीघरात गेले आणि ताटलीने झाकलेली एक बादली दोन्ही हातांनी उचलून घेऊन आले. स्वच्छ पाण्याच्या तळाशी कान होता.

"कपिला नदीत सोडायला घाटावर गेलो होतो," ते म्हणाले. "हातून सुटेना. दोन हजार वर्षं टिकलेली वस्तू आहे, माझ्या खोटेपणासाठी तिने का जावं? म्हणून आणून पाण्यात ठेवली. पाणी बदलतो. मीठ निघतंय."

मग त्यांनी सांगितलं. कुशलने नेपल्सच्या धक्क्यावर एका कोळ्याकडून तो घेतला होता. कोळ्याच्या जाळ्यात आलेला. तुमच्या मित्राला द्या, असले रांजण त्यांच्या चौलला उतरायचे, असं म्हणून मुलाने वडिलांना दिला. कुंट्यांनी तो चौललाच नेऊन द्यायचं ठरवलं, म्हणून पिशवीत होता. पण त्या खेपेला दत्तोजीराव वेगळेच होते. बायको जाऊन वर्षही झालं नव्हतं. दिवसभर वाड्यांतून हिंडून हाती काही लागलं नाही, आणि विहिरीच्या कट्ट्यावर बसून ते म्हणाले, दिलीप, मी हे थांबवतो. तिला सोडून मी ज्याच्या मागे आलो, ते इथे नाहीच.

"मी मागे वळलो आणि कान गाळात खुपसला," कुंटे म्हणाले. "पुढचा विचार नव्हता. त्यांना सापडेल, ते हसतील, मग सांगेन कुशलने पाठवलाय. पण ते रडायला लागले, गिरिजाबाई. माती छातीशी धरून. त्या संध्याकाळी सांगितलं नाही, आणि मग सांगताच आलं नाही. त्यांनी त्यावर प्रकरण लिहिलं. काप घेतला असता तर जगाला कळलं असतं आणि त्यांचं सगळं पुस्तकच लबाडीचं ठरलं असतं. बाकीची चाळीस वर्षंसुद्धा."

"आणि चैत्रालीला चोर ठरवलं ते?"

"तिचं नाव मी घेतलं नव्हतं," कुंटे म्हणाले.

"दत्तोजींच्या मनात कोणाचं नाव आहे, माहीत आहे?" गिरिजाबाईंनी विचारलं. "वेदवतीचं."

कुंट्यांनी बादली खाली ठेवली आणि भिंतीला टेकून उभे राहिले. मग ते आत गेले, शर्ट बदलून आले, आणि म्हणाले, चला.

६

दत्तोजीरावांनी सगळं ऐकून घेतलं. टेबलावर ओल्या टॉवेलात कान होता. रजा काढून घरी राहिलेली वेदवती दारात उभी होती. चैत्रालीला गिरिजाबाईंनी मुद्दाम बोलावून घेतलं होतं, ती खिडकीपाशी होती.

कुंट्यांचं सांगून झाल्यावर दत्तोजीरावांनी एवढंच विचारलं, की त्या दिवशी मी गाळात हात घालण्याआधी तू मला म्हणालास, इथे बघा जरा, ते आठवतंय का. कुंटे म्हणाले, आठवतंय.

"तू मला दया दाखवलीस," दत्तोजीराव म्हणाले. "दया घरी दाखवायची, दिलीप. माझ्या पुस्तकात नाही. आता तू जा. मी बोलावीन तेव्हा ये."

कुंट्यांनी जाताना चैत्रालीसमोर हात जोडले. वेदवतीने चैत्रालीला स्वयंपाकघरात नेलं. तिथे दोघी काय बोलल्या ते कोणी ऐकलं नाही, पण चैत्राली जेवायला थांबली.

संध्याकाळी डॉ. सिंधू आल्या. दत्तोजीरावांनी कान कुठून आला, कोणी कुठे ठेवला, हे त्यांना पहिल्या वाक्यात सांगितलं आणि तो त्यांच्या स्वाधीन केला. शेवटचं प्रकरण त्यांनी त्यांच्यासमोरच बाजूला काढलं. बाकीची प्रकरणं बाई रात्री पाहुणघरात वाचत बसल्या, आणि सकाळी जाताना म्हणाल्या की यातलं एकही पान त्या कानावाचून अडत नाही. दत्तोजीरावांनी आभार मानले. त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं.

त्या निघून गेल्यावर ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"वेदू, मला तुझा संशय आला होता."

"गोत्तु, अप्पा, माहीत आहे मला," वेदवती म्हणाली. ती भाजी चिरत होती. "परवा दिवसभर तुम्ही माझ्याकडे बघितलं नाही."

"तिला सोडून गेलो, हे तू मला कधीतरी बोलशील, असं वाटत होतं. तू बोलली नाहीस. मग वाटलं, तू हे केलंस."

वेदवतीने विळी बाजूला केली. तिने पदराला हात पुसले.

"आई विचारायची, ते गाव कसं आहे," ती म्हणाली. "मला सांगता यायचं नाही. तुम्ही घरात कधी सांगितलंच नाही. लिहिलंत ते देवनागरीत. मी कन्नड शाळेत शिकले, ते मला वाचायला जड जातं. इतकी वर्षं घरात पुस्तक आहे आणि त्यात काय आहे ते मला माहीत नाही."

दत्तोजीरावांना हे कधी सुचलंच नव्हतं. ते तिथेच पाटावर बसले, आणि गुडघ्यांमुळे त्यांना नंतर उठवावं लागलं. पण त्या दिवशी त्यांनी सांगितलं. आधी तुटक तुटक, मग सलग. वेदवतीने मध्येच उठून वही आणली आणि लिहून घ्यायला लागली. भाषा मराठी, अक्षरं कन्नड.

शेवटचं प्रकरण असं नव्याने झालं. गणपतीनंतरच्या एका रविवारी चैत्राली संगणक उघडून बसली, पण वहीतलं तिला एक अक्षर वाचता येईना. तेव्हा वेदवती शेजारी खुर्ची ओढून बसली आणि मोठ्याने वाचू लागली. दत्तोजीराव व्हरांड्यात होते. दिलीप कुंटेही होते. त्यांना त्या सकाळी पहिल्यांदाच निरोप गेला होता, आणि ते दत्तोजीरावांपासून एक खुर्ची सोडून बसले होते.

"धक्का कुठे होता ते मला सापडलं नाही," वेदवती वाचत होती. "खाडी गाळाने भरत गेली, मोठी गलबतं दुसरीकडे वळली. लोक म्हणतात चौल संपलं. पण शहर कुठे गेलं नाही. पाणी मागे गेलं. माणसं राहिली, त्यांनी विहिरी खणल्या आणि झाडं लावली."

चैत्रालीची बोटं थांबली. पुढे काय, असं तिने विचारलं.

"स्वल्प थांब," वेदवती म्हणाली, आणि व्हरांड्याकडे वळून तिने विचारलं, "अप्पा, झाडं कसली ते लिहिलंच नाही."

"पोफळीची," दत्तोजीराव म्हणाले. मग त्यांनी शेजारी पाहिलं. "आणखी काय होतं रे, दिलीप?"